भीमगीताचा डीजे आणि पुसलेली नाममुद्रा

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी उभे राहा. तिरोडा असो, आमगाव असो की अर्जुनी मोरगाव असो, दृश्य एकच दिसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या उंचीचे स्पीकर रचलेले, मागे जनरेटर, पुढे निळे झेंडे आणि घामाने निथळत नाचणारी पोरे. या दृश्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा रूढ झाल्या आहेत. पहिली तऱ्हा प्रस्थापितांची. त्यांना हा निव्वळ गोंगाट वाटतो. दुसरी तऱ्हा आपल्यातल्याच शिकलेल्या माणसांची. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले आणि ही पोरे नाचत बसली, असे ते हळहळून म्हणतात. दोघांचेही एका बाबतीत एकमत आहे. ट्रॉलीवर वाजते ते गाणे दोघेही ऐकत नाहीत.

माझे म्हणणे असे की ते ऐकले पाहिजे. डीजेवर वाजणारे भीमगीत ही एक रचना आहे. कुणीतरी ती विचारपूर्वक केलेली असते. जुन्या ध्वनिमुद्रणातून काय घ्यायचे, काय टाकायचे, कोणता शब्द किती वेळा घुमवायचा, हे कुणीतरी ठरवलेले असते. जिथे निवड आहे तिथे मूल्य आहे आणि जिथे मूल्य आहे तिथे समीक्षेचे काम आहे. कवितेची समीक्षा करायची, आत्मकथनाची करायची आणि आपल्या समाजात सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या या प्रकाराकडे मात्र पाठ फिरवायची, हा न्याय नव्हे.

गेल्या जयंतीला ट्रॉलीवर पुन्हा पुन्हा वाजलेले एक गाणे माझ्या विद्यार्थ्याने मला मोबाइलवर दिले. मी वर्गात विचारले, हे गाणे कुणाचे? तो म्हणाला, ‘सर, हा तर डीजेवाल्याचा गाना होय जी.’ पोरगा खोटे बोलत नव्हता. फाइलीला डीजेचे नाव होते, गावाचे नाव होते, साल होते. कवीचे नाव नव्हते. गाणे वामनदादा कर्डकांचे होते.

आता या मिक्समध्ये काय केले आहे ते पाहू. आरंभी गर्दीचा जयघोष आहे, कुठल्या तरी सभेतून उचललेला. त्यावर भोंग्यासारखा चढत जाणारा सूर. मग डीजेचे नाव, घुमणाऱ्या आवाजात. त्यानंतर गायकाचा आवाज येतो, तो जुन्या कॅसेटवरून घेतलेला. मूळ चाल ढोलकीच्या ठेक्यावरची आणि सावकाश होती. इथे ती धावती केली आहे, त्यामुळे गायकाचा भरदार गळा थोडा चिरका झाला आहे. ढोलकी दाबून टाकली आहे आणि तिच्या जागी एकसारखे चार ठोके आहेत. ध्रुपदाचा पहिला अर्धा चरण कापून घेतला आहे आणि तोच चार वेळा, मग आठ वेळा येतो. प्रत्येक वेळी तुकडा आणखी आखूड होत जातो. शेवटी एकच शब्द उरतो, मग एकच अक्षर, मग क्षणभर सारे बंद. आणि त्या शांततेवर बेस कोसळतो. पोरे उसळतात ती इथेच.

हे कौशल्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. थांबवायचे कोठे आणि सोडायचे कोठे, हे डीजेला कळते. शाहिरालाही ते कळत होते. ध्रुपदावर येण्यापूर्वी शाहीर श्वास रोखायला लावत असे. तेव्हा दोष या तंत्रात नाही. दोष पुढे आहे. मूळ गाण्याला कडवी होती. मिक्समध्ये त्यांतले अर्धेच कडवे उरले आहे आणि तेही नाचणाऱ्यांना दम घ्यायला उसंत मिळावी एवढ्यापुरते. शेवटचे कडवे तर मुळीच नाही.

कडवे गेले तर काय बिघडले, असा प्रश्न कोणी करील. त्यासाठी कडव्यांनी आपल्याकडे कोणते काम केले ते आठवले पाहिजे. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत, भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंत ही परंपरा केवळ गाण्याची नाही. ती युक्तिवादाची आहे. ध्रुपदात सिद्धांत मांडायचा आणि कडव्यांत तो सिद्ध करायचा, अशी तिची बांधणी. एका कडव्यात पूर्वीची स्थिती, दुसऱ्यात बाबासाहेबांची कृती, तिसऱ्यात विरोधकाला सवाल, चौथ्यात श्रोत्याला जबाबदारीची आठवण. नागोराव पाटणकर, राजानंद गडपायले ही विदर्भातली नावे ज्यांच्या कानावर आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

माझे वडील शाळेत गेले नाहीत. रोवणी आणि कापणीच्या मजुरीत त्यांचा जन्म गेला. परंतु महाडच्या तळ्यावर काय झाले, पुण्याला कोणता करार झाला, नागपूरला दीक्षा का घेतली, हे त्यांना क्रमाने सांगता येई. १९२७, १९३२, १९५६ ही साले त्यांना ठाऊक नव्हती. कारण आणि परिणाम मात्र ठाऊक होते. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. ती सलही वडिलांच्या बोलण्यात यायची. त्यांनी पुस्तक वाचले नव्हते. रात्र रात्र बसून कडवी ऐकली होती. निरक्षर माणसाची ती शाळा होती. मी पुढे पदवीपर्यंत पोचलो, पण इतिहासाचा पहिला पाठ मला त्यांच्या तोंडच्या गाण्यातूनच मिळाला. म्हणून कडवे कापले जाते तेव्हा माझ्यासारख्याला केवळ चालीचे दुःख होत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ध्रुपदाचा तुकडासुद्धा काम करतो. ज्या गावात निळा झेंडा लावायला आजही धैर्य लागते, तिथे दोन शब्द मोठ्याने वाजले तरी ती कृती ठरते. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांचे गीत वाजले, त्यावरून वाद काढला गेला आणि एका दलित तरुणाचा खून झाला. काही सेकंदांची ती रिंगटोन होती. तिच्यात कडवे नव्हते, युक्तिवाद नव्हता. तरी जातीच्या अहंकाराला ती सहन झाली नाही. तेव्हा तुकड्याला अर्थ नसतो, असे मी म्हणणार नाही. तुकडा आपली उपस्थिती जाहीर करतो. परंतु उपस्थिती जाहीर केल्यावर पुढे सांगायचे काय, हा प्रश्न उरतोच. समोरचा ‘का’ म्हणून विचारतो तेव्हा उत्तर कडव्यात असते, आणि आमच्या पोराच्या पेनड्राइव्हमध्ये कडवे नसते.

याहून गंभीर गोष्ट शेवटच्या कडव्याची आहे. आपल्या गीतपरंपरेत कवीचे नाव शेवटच्या कडव्यात येते. ही नाममुद्रा संतांपासून चालत आली आहे. चोखोबांच्या अभंगाखाली चोखा हे नाव नसते तर चौदाव्या शतकातल्या एका महाराचा शब्द म्हणून तो आज कुणी ओळखला असता काय? सोयराबाई तर आपल्या अभंगात स्वतःची ओळख चोख्याची महारी अशी देते. ज्यांना जमिनीच्या कागदावर नाव नव्हते, त्यांनी आपले नाव गाण्यात गुंफून ठेवले. गाणे जिवंत राहील तोवर नावही राहील, एवढीच त्यांची मालमत्ता. वामनदादांनीही तेच केले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेल्या आणि अक्षरे उशिरा गिरवलेल्या या माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गीते रचली आणि त्यांत ‘वामन’ हे नाव गुंफले. २००४ साली ते गेले. आज मिक्समध्ये शेवटचे कडवे कापले जाते म्हणजे नेमके ते नावच कापले जाते. आणि त्या जागी नाममुद्रा कुणाची येते? डीजेची. दर थोड्या वेळाने घुमत्या आवाजात त्याचे नाव गाण्यावर ठोकलेले असते. कवीला जे एकदा, तेही शेवटी, नम्रपणे मिळत होते, ते डीजेने दहा वेळा घेतले आहे.

हे मुद्दाम केलेले पाप आहे असे मी मानत नाही. डीजे आपलीच पोरे आहेत. बहुतेकांनी कर्ज काढून सामान घेतले आहे. लग्नसराई आणि जयंती सोडली तर वर्षाचे बरेच महिने ते रिकामे असतात. आमच्या भागात डीजेच्या बरोबरीने धुमाल आहे. त्यात ढोल, ताशे, बेंजो आणि विजेची पॅडे असतात. त्यावर हात चालवणारी पोरेही कष्टकऱ्यांचीच. एक गोष्ट विसरू नये. गावगाड्यात वाजवणे हे आपल्यावर लादलेले जातीचे काम होते. आंबेडकरी चळवळीने ते नाकारले. आज तीच पोरे दुसऱ्याच्या हुकमावरून नव्हे तर स्वतःच्या जयंतीला, स्वतःच्या मर्जीने वाजवतात. हा बदल लहान नाही. म्हणूनच त्यांना हिणवून चालणार नाही. त्यांच्याशी बोलले पाहिजे.

बोलताना हे तंत्र कोठून आले तेही त्यांना सांगावे. जुन्या तबकडीतला तुकडा घेऊन त्यावर नवे नृत्यगीत उभारण्याची कला श्रीमंतांच्या घरी जन्मली नाही. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या काळ्या तरुणाने दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या आणि नाचाला सर्वांत योग्य असा ठेक्याचा तुकडा तो लांबवीत राहिला. ज्यांच्याजवळ वाद्यवृंद नव्हता त्यांनी तबकडीचेच वाद्य केले. आपल्याकडे दलित पँथर १९७२ साली उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून तिने नाव घेतले होते. तेव्हा काळ्यांच्या या कलेशी आपले नाते परके नाही. परंतु पुढे याच कलेचे बाजारात काय झाले, त्यातही आपल्याला धडा आहे.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात वेरा हॉल नावाची एक काळी स्त्री होती. कपडे धुणे, स्वयंपाक करणे ही तिची उपजीविका. गळा मात्र असा की लोकगीते गोळा करणारे जॉन लोमॅक्स यांनी १९३७ साली तिचा आवाज मुद्रित केला आणि १९५९ साली त्यांचे चिरंजीव अॅलन लोमॅक्स यांनीही केला. ती १९६४ साली वारली. पुढे १९९९ साली मोबी नावाच्या गोऱ्या संगीतकाराने आपल्या संचात तिच्या दुःखाच्या एका भजनाचे तुकडे घेतले, त्याखाली यंत्राचा ठेका भरला आणि २००० साली ते ‘नॅचरल ब्लूज’ या नावाने सुटे गाणे म्हणून बाहेर आले. त्या संचाच्या एक कोटीवर प्रती खपल्या आणि त्यातली गाणी जाहिरातींत व चित्रपटांत वापरायला परवान्याने दिली गेली. ते गाणे मी ऐकले आहे. ते वाईट नाही. वेरा हॉलचा आवाज यंत्रात सापडूनही मरत नाही, उलट त्या पोकळ ठेक्यावर तिचे दुःख अधिकच एकाकी वाटते. परंतु जगाने ते गाणे मोबीचे म्हणून ओळखले. ज्या चर्चमध्ये, ज्या समूहात ते भजन उभे होते तो समूह गेला, आणि एका कष्टकरी बाईचे दुःख दिवाणखान्याची हवा झाले.

तरीही आज आपण वेरा हॉल हे नाव घेऊ शकतो, कारण कोणी तरी ते ध्वनिमुद्रणासोबत लिहून ठेवले होते. आपल्या किती गायकांच्या बाबतीत हे झाले आहे? वस्तीच्या कार्यक्रमात कॅसेटवर भरून घेतलेले आवाज, नावाशिवाय, घराघरांतल्या पेटीत पडून आहेत. फिती चिकटत आहेत. ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या धंद्याने आपली गाणी खेड्यापर्यंत नेली हे खरे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघरी गेला तो त्यामुळेच. परंतु एकरकमी बिदागीपलीकडे हाती काही आले नाही, अशी जुन्या गायकांची तक्रार आपण सर्वांनीच ऐकली आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आणि कालपरवाचे. तामिळनाडूतला अरिवू हा दलित कवी-गायक. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या गायकसमूहातून तो पुढे आला. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे आले. अरिवू आणि धी यांनी ते गायले, संगीतकार संतोष नारायणन. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या वळ्ळिअम्मा या आजीची आठवण आणि भूमिहीनांचे दुःख अरिवूने त्यात आणले. गाणे प्रचंड गाजले. मग डीजे स्नेक या फ्रेंच डीजेने त्याचे नृत्यरूप केले. त्याची जाहिरात झाली तेव्हा अरिवू दिसेनासा झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक गायक होता, अरिवू नव्हता. रंजित यांनी जाहीरपणे आवाज उठवला, देशभर चर्चा झाली, तेव्हा त्याच मासिकाने अरिवूवर वेगळे मुखपृष्ठ काढले. २०२२ साली बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे सादर झाले तेव्हाही तो मंचावर नव्हता, आणि कवी, संगीतकार, गायिका यांच्यात श्रेयाचा वाद उघड झाला. प्रत्येकाने आपली बाजू मांडली. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला एवढेच दाखवायचे आहे की नाव ठाऊक असून, माणूस जिवंत असून, गाणे ताजे असूनही नृत्यरूप होताना कवीच आधी गळतो. आणि संघटित आवाज उठला तर तो परतही आणता येतो.

म्हणजे प्रश्न गोंदियाच्या एखाद्या डीजेचा नाही. तुकडा कापणाऱ्या हाताला जेव्हा मूळ माणसाचा विसर पडतो, तेव्हा शोषणाची जुनी रीत नव्या यंत्रात शिरते. श्रम एकाचे, शिक्का दुसऱ्याचा. गोऱ्या संगीतकाराने काळ्या बाईच्या बाबतीत केले तर ते आपल्याला चटकन कळते. आपल्या पोराने आपल्या शाहिराच्या बाबतीत केले तर ते आपल्याला जयंतीचा उत्साह वाटतो. मोजमाप दोन ठेवून चालणार नाही.

गोंगाटाचीही गोष्ट सरळ बोलावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम सर्व मिरवणुकांना सारखा लागू व्हावा, आपल्या मिरवणुकीला आधी आणि इतरांना नंतर असे होऊ नये, ही मागणी रास्त आहे. परंतु ट्रॉलीच्या मागे चालणारी म्हातारी आपलीच आई असते आणि तिच्या छातीत धडधडते, हेही आपणच बोलले पाहिजे. शिवाय आवाज इतका वाढला की शब्द ऐकू येत नाही. ज्या गाण्याचा शब्दच ऐकू येत नाही, ते भीमगीत कशावरून म्हणायचे?

कायदाही कवीच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क राहतो. कलम ५७ तर असे सांगते की हक्क विकला तरी ‘ही रचना माझी’ असे म्हणण्याचा कवीचा अधिकार जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकारांचा मानधनाचा हक्कही बळकट केला. परंतु आपल्याच पोरांवर आपल्याच शाहिरांच्या वारसांनी खटले भरावेत, असे मला वाटत नाही. हा प्रश्न कोर्टाच्या आधी वस्तीत सुटला पाहिजे.

त्यासाठी जयंती मंडळांनी डीजे ठरवताना तीन अटी घालाव्यात. मिक्सच्या आरंभी डीजेचे नाव येते, तसेच कवीचे आणि गायकाचे नाव त्याच मोठ्या आवाजात यावे. शेवटचे कडवे कापू नये, त्यावर हवा तो ठेका द्यावा. आणि मिरवणूक चौकात थांबेल तेव्हा एक गाणे पूर्ण, सगळ्या कडव्यांसह, शब्द ऐकू येईल अशा आवाजात वाजवावे. यात डीजेचे नुकसान नाही. ज्याला थांबवायचे आणि सोडायचे कोठे हे कळते, त्याला नाममुद्रेवर बेस सोडणे अवघड नाही. पोरे ध्रुपदावर उसळतात, ती ‘वामन’ या नावावरही उसळतील.

शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम वेगळे आहे. मी माझ्या वर्गाला यंदा एवढेच सांगितले की पेनड्राइव्हमधले एक एक गाणे घ्या आणि आपल्या वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारा, हे कुणाचे. पहिल्या आठवड्यात पोरे रिकाम्या हाताने आली. नंतर ज्याने गाणे डीजेवाल्याचे म्हणून सांगितले होते तोच मुलगा एके दिवशी वही घेऊन आला. त्याच्या आजीला ते गाणे सगळे पाठ होते. कडवी त्याने तिच्याकडून लिहून आणली होती, शेवटच्यासकट. शेवटच्या कडव्यातल्या नावाखाली त्याने पेनने दोनदा रेघ ओढली होती. वही त्याने गावातल्या डीजेला दाखवली आहे. येत्या चौदा एप्रिलला ते कडवे ट्रॉलीवर वाजते की नाही, ते पाहायला मी जाणार आहे.